मतविरोध आणि जन्मविरोध : बाबासाहेबांच्या राजकीय विरोधकांची एक चिकित्सा

सिंदी (रेल्वे) येथील एका विहारात वर्षावासाच्या निमित्ताने सुत्तनिपातातील जातिविचारावर बोलण्याचा योग आम्हांस आला होता. व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरे झाली. मागच्या रांगेतील एक महाविद्यालयीन तरुण उठून उभा राहिला. त्याने विचारले, ‘सर, बाबासाहेबांना निवडणुकीत जातीने हरवले असे आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो. परंतु 1952 ला मुंबईत आणि 1954 ला भंडाऱ्यात त्यांच्याविरुद्ध निवडून आलेले उमेदवार तर अनुसूचित जातींचेच होते. मग जातीने हरवले हे कसे सिद्ध होते?’

सभेत थोडी चुळबुळ झाली. पुढे बसलेल्या एका वडीलधाऱ्या उपासकांना तो प्रश्न रुचला नाही. असे प्रश्न विरोधकांनी पढवलेले असतात, असे ते म्हणाले. तरुण खाली बसला. वेळ थोडा असल्यामुळे आम्ही त्यास जे उत्तर दिले ते अपुरे होते, आणि ते अपुरे आहे हे देतानाच आम्हांस कळत होते. त्या उत्तराची भरपाई करावी म्हणून प्रस्तुत लेख लिहिला आहे. एखाद्या नेत्यास होणारा विरोध त्याच्या मतास आहे की त्याच्या जन्मास आहे, हे ओळखायचे कसे, हा या लेखाचा विषय होय.

वंश आणि जात

प्रथम शब्दांविषयी. पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न वंशद्वेषाच्या नावाने विचारला जातो. कृष्णवर्णीय नेत्यास होणारा विरोध धोरणामुळे आहे की वर्णामुळे, असा तेथील वाद असतो. आपल्याकडे त्याच्या जागी जात आहे. मात्र जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवले आहे. ‘जातिनिर्मूलन’ या 1936 साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात त्यांनी जातींच्या वंशशुद्धीचा सिद्धान्त खोडून काढला. एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वंशाने एकच असतात, वेगळ्या प्रांतांतील दोन ब्राह्मण मात्र वंशाने वेगळे असू शकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही दोन्ही अन्यायांची जातकुळी जवळची आहे याची त्यांना जाण होती. 1946 साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. पुढे 2001 साली दरबान येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे असे सांगूनच भारत सरकारने त्यास विरोध केला. शास्त्र म्हणून ते विधान बरोबर होते. परंतु दोहोंची उत्पत्ती वेगळी असली म्हणून दोहोंचा परिणाम वेगळा ठरत नाही. माणसाचे म्हणणे ऐकण्यापूर्वी त्याचा जन्म विचारणे, हे दोन्हींचे समान लक्षण आहे. या लेखापुरते आम्ही त्यास ‘जन्मविरोध’ म्हणू.

पाली साहित्यातील कसोटी

विरोधाची चिकित्सा कशी करावी याचा वस्तुपाठ दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजालसुत्तात आहे. राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यानच्या रस्त्याने भगवान भिक्खुसंघासह चालले होते. मागून सुप्पिय नावाचा परिव्राजक आपल्या ब्रह्मदत्त नावाच्या शिष्यासह येत होता. सुप्पिय बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत होता, तर शिष्य स्तुती करीत होता. अंबलट्ठिकेच्या विश्रामगृहात भिक्खूंमध्ये याची चर्चा सुरू झाली. तेव्हा भगवंतांनी जे सांगितले त्याचा आशय असा : कोणी आमची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर समोरचा खरे बोलतो की खोटे, हेच तुम्हांस कळणार नाही. जे खोटे आहे ते खोटे कसे, हे उलगडून दाखवा. स्तुती झाली तरी हुरळून जाऊ नका. तेथेही जे खरे असेल तेवढेच खरे म्हणून स्वीकारा.

या ठिकाणी मूळ पालीत जे क्रियापद आले आहे त्याचा अर्थ गुंता सोडविणे असा आहे. निंदेचा प्रतिकार निंदेने न करता तिचा एकेक धागा मोकळा करावा, हे त्यात अभिप्रेत आहे.

अंबट्ठसुत्तात जन्मविरोधाचे उघड रूप दिसते. पोक्खरसाति ब्राह्मणाचा शिष्य अंबट्ठ भगवंतांकडे आला. भगवान बसलेले असताना तो उभ्या उभ्या, फिरत फिरत बोलू लागला. ब्राह्मणांशी बोलताना आपण शिष्टाचार पाळतो, मुंडक श्रमणांशी पाळत नाही, असे त्याने सांगितले आणि शाक्यांच्या कुळाची निंदा केली. भगवंतांचा कोणता सिद्धान्त त्यास अमान्य होता? एकही नाही. सिद्धान्तापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. अस्सलायन नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण तरुणही भगवंतांचा विरोधकच होता. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण आहे, हेच तोही सांगत होता. परंतु तो वादास बसला. प्रश्न ऐकले, उत्तरे दिली, निरुत्तर झाला आणि शेवटी उपासक झाला. मत दोघांचे एकच होते, पण पहिला वादाच्या बाहेर उभा राहिला आणि दुसरा वादाच्या आत आला. विरोधकाचे मत किती कडवे आहे यावरून त्याची परीक्षा होत नाही. तो आपल्या म्हणण्याला उत्तर देतो की आपल्या जन्माला, यावरून होते. ही पहिली कसोटी होय.

अंबट्ठसुत्तातील आणखी दोन गोष्टी आपण सहसा सांगत नाही. अंबट्ठाच्या तिरस्काराला एक कारण होते. तो कपिलवस्तूच्या सभागृहात गेला असता शाक्यांनी त्याची थट्टा केली होती आणि त्यास बसायला आसनही दिले नव्हते. दुसरी गोष्ट अशी, की अंबट्ठाचा पूर्वज हा एका दासीचा पुत्र होता हे भगवंतांनी उघड केल्यावर जमलेले ब्राह्मण तरुण त्यालाच हीन कुळाचा म्हणून हिणवू लागले. भगवंतांनी त्यांना थांबविले आणि तो दासीपुत्र पुढे थोर ऋषी झाला, असे सांगून अंबट्ठाचा बचाव केला. जन्माचे शस्त्र विरोधकाच्या हातातून काढून घ्यायचे असते, ते आपल्या हाती धरायचे नसते.

मतविरोध होता, हे मान्य केले पाहिजे

या कसोटीने बाबासाहेबांच्या राजकीय जीवनाकडे पाहिले असता सरसकट उत्तर देता येत नाही, असे दिसते. त्यांना झालेल्या विरोधाचा काही भाग निःसंशय मतविरोध होता. 1942 साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी काँग्रेसने ‘चले जाव’ आंदोलन पुकारले. ज्यांनी तुरुंगवास पत्करला त्यांना सरकारात बसलेल्या मंत्र्याविषयी राग असणे स्वाभाविक होते. तो मंत्री ब्राह्मण असता तरी तो राग असताच. साम्यवाद्यांचा विरोध वर्गसिद्धान्तातून आलेला होता. अस्पृश्यांचा वेगळा पक्ष काढल्याने कामगारांची एकजूट फुटते, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला त्यांनी दाखविलेला भेद प्रसिद्धच आहे. म्हणजे येथे वाद होता, आणि तो वादाच्या पातळीवर चालला.

काँग्रेसचे वर्तनही एकसारखे नव्हते. 1946 साली घटना समितीत जाण्यासाठी मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साह्याने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीमुळे ती जागा गेली. त्यानंतर 1947 च्या जुलैत काँग्रेसनेच त्यांना मुंबईतून, बॅ. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर निवडून आणले. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यासाठी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले होते. 1952 साली तोच पक्ष पुन्हा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. केवळ जन्मद्वेष हेच कारण असते तर 1947 सालच्या निवडीचा अर्थ लागत नाही. पक्षास गरज असते तेव्हा तो जवळ घेतो आणि गरज सरली की दूर करतो. हा पक्षस्वार्थ होय. तोही निषेधार्ह आहे, परंतु त्याचे नाव वेगळे आहे.

हिंदू कोड बिलाचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. बिलास झालेला सर्वच विरोध बाबासाहेबांच्या जातीमुळे झाला असे म्हणता येणार नाही. त्याचा आधीचा मसुदा बेनेगल नरसिंह राव यांच्या समितीने तयार केला होता. राव ब्राह्मण होते, तरी त्या मसुद्यासही सनातन्यांनी कडाडून विरोध केला होता. परंतु बाबासाहेब कायदामंत्री म्हणून ते बिल मांडू लागले तेव्हा त्या विरोधात एक नवी गोष्ट मिसळली. स्वामी करपात्री यांच्या भाषणांत बाबासाहेबांच्या जातीचा उल्लेख येत असे, आणि ब्राह्मणांच्या अधिकारातील विषयांत पूर्वाश्रमीच्या अस्पृश्याने हात घालू नये असा त्याचा रोख असे, ही नोंद रामचंद्र गुहा यांच्यासारख्या इतिहासकाराने केली आहे. 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955 आणि 1956 या दोन वर्षांत त्याच बिलाचा बराचसा आशय चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाला. त्या वेळी विरोध होता, परंतु मांडणाऱ्याचा जन्म हा वादाचा विषय नव्हता.

यावरून दुसरी कसोटी हाती लागते. तेच म्हणणे दुसऱ्या मुखातून आले असता विरोधात काय उरते आणि काय गळून पडते, ते पाहावे. जे उरते तो मतविरोध. जे गळून पडते तो जन्मविरोध.

1938 : वर्ध्याचे एक प्रकरण

आता आपल्याच जिल्ह्यातील एक प्रसंग घेऊ. सिंदीच्या वाचकांना तो दूरचा वाटणार नाही. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील हे गाव. एका बाजूस नागपूरची दीक्षाभूमी, तर दुसऱ्या बाजूस सेवाग्राम. विसाव्या शतकातील अस्पृश्यताविषयक दोन विचारांच्या मधोमध ते वसले आहे.

वर्धा हे अस्पृश्यतानिवारणाच्या गांधीप्रणीत मार्गाचे मोठे केंद्र होते. जमनालाल बजाज यांनी 1928 साली तेथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. त्या काळी ते धाडसाचे काम होते. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

दहा वर्षांनी त्याच वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीपुढे एक राजकीय खटला उभा राहिला. मध्यप्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांचे महाकोशलातील सहकारी मंत्री रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी तीव्र मतभेद झाले होते. 20 जुलै 1938 रोजी खऱ्यांनी राजीनामा दिला आणि लगेच नवे मंत्रिमंडळ बनविले. त्यात रामेश्वर अग्निभोज या अस्पृश्य वर्गातील पदवीधर गृहस्थांना मंत्री म्हणून घेतले. काँग्रेसच्या वरिष्ठांनी हे मंत्रिमंडळ मान्य केले नाही. काही दिवसांतच खऱ्यांना पायउतार व्हावे लागले. वर्ध्याच्या बैठकीत कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदांस अपात्र ठरविले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. नव्या मंत्रिमंडळात अग्निभोज नव्हते.

खरे यांनी पुढे जाहीर सभांतून सांगितले की, अस्पृश्यास मंत्री केल्याबद्दल गांधीजींनी आपल्याला दोष दिला आणि त्यामुळे अस्पृश्यांच्या मनात नको त्या आकांक्षा जागृत होतात असे ते म्हणाले. बाबासाहेबांनी 1945 च्या आपल्या काँग्रेस आणि गांधीविषयक ग्रंथात हा प्रसंग नोंदविला आहे, आणि गांधीजींनी या विधानाचा कधी इन्कार केला नाही असेही तेथे म्हटले आहे.

हा पुरावा कसा तोलावा? आपल्या सभांतून तो पूर्ण सत्य म्हणून सांगितला जातो, तर गांधीवादी मंडळी त्याचा उल्लेखच करीत नाहीत. दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत. खरे हे पदच्युत झालेले आणि दुखावलेले साक्षीदार होते. 1943 साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि 1949 साली हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. काँग्रेसला दोष देण्यात त्यांना रस होता. शिवाय त्यांच्या पतनाचे मुख्य कारण पक्षशिस्त आणि नागपूर-महाकोशल ही चढाओढ हे होते, यात शंका नाही. अग्निभोज मंत्रिमंडळात नसते तरी खरे गेलेच असते.

तथापि येथे एक प्रश्न उरतो. खरे गेले म्हणून अग्निभोजांनी का जावे? शिस्तभंग मुख्यमंत्र्याचा होता. नवे मंत्रिमंडळ बनविताना अस्पृश्यांस एक जागा देण्यास शिस्तीची आडकाठी नव्हती. हा प्रश्न आम्ही आज विचारीत आहोत असे नाही. त्याच वर्षी नागपूरकडील अस्पृश्य तरुण सेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास गेले आणि मंत्रिमंडळात आपला प्रतिनिधी असावा म्हणून त्यांनी गांधीजींच्या दारात सत्याग्रह केला. गांधीजींनी त्यांना आश्रमात बसायला जागा दिली, पण मंत्रिपद मिळाले नाही.

आमच्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. यात कोणी कोणास जातीवरून शिवी दिली नाही. आश्रमात तर आदरातिथ्यच झाले. मंदिराचा दरवाजा उघडणारा वर्धा मंत्रिमंडळाचा दरवाजा उघडताना मात्र थबकला. देवळात प्रवेश देणारा दाता राहतो आणि घेणारा याचक राहतो. सत्तेत वाटा दिला की हे नाते संपते. म्हणून पहिली गोष्ट सोपी होती आणि दुसरी अवघड. जन्मविरोध नेहमी तिरस्काराच्याच रूपाने येतो असे नाही. ज्याच्यावर उपकार करावयाचे त्याने नेतृत्व मागू नये, या अपेक्षेच्या रूपानेही तो येतो. बाबासाहेबांना झालेल्या विरोधाचा फार मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा होता.

मतपेटीचा पुरावा

आता तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिलेले उमेदवार अस्पृश्य समाजातलेच होते, हे खरे आहे. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळू पालवणकरांना उभे केले. बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते मिळाली. हे बाळू कोण? 1911 साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातील नामांकित गोलंदाज. चांभार समाजात जन्मल्यामुळे पुण्यात त्यांना खेळाच्या मधल्या वेळी चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, तंबूच्या बाहेर मिळत असे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. बाबासाहेबांचा हा प्रतिस्पर्धी जातीचा लाभार्थी मुळीच नव्हता. त्यानेही जातीचा तोच डाग सोसला होता.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदारास दोन मते होती आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावयाची होती. एक जागा सर्वसाधारण होती, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर, तर त्यांच्यासमोर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब अशा दोन जोड्या होत्या. मते अशी पडली : गांधी 1,49,138, मेहता 1,39,741, काजरोळकर 1,38,137 आणि बाबासाहेब 1,23,576. काजरोळकर 14,561 मतांनी विजयी झाले. सर्वसाधारण जागेसाठी उभे असलेले साम्यवादी नेते श्रीपाद अमृत डांगे यांना 96,755 मते मिळाली. 74,333 मतपत्रिका बाद ठरल्या. आपल्या अनुयायांना दुसरे मत कुजविण्यास सांगितल्याचा आरोप डांग्यांवर झाला. बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला होता, तो फेटाळला गेला.

हे आकडे आपण शोकाने वाचतो. ते एकदा गणिताने वाचून पाहू. मेहता आणि बाबासाहेब यांची युती होती. युती पूर्ण पाळली गेली असती तर दोघांची मते जवळपास सारखी पडली असती. प्रत्यक्षात बाबासाहेबांना मेहतांपेक्षा 16,165 मते कमी मिळाली. आता दुसरी जोडी पाहा. गांधी आणि काजरोळकर एकाच पक्षाचे, एकाच चिन्हाचे. तरी काजरोळकरांना गांधींपेक्षा 11,001 मते कमी मिळाली. दोन्ही जोड्यांत घट राखीव उमेदवाराच्याच वाट्यास आली.

याचे एकमेव कारण जात, असे आम्ही म्हणत नाही. मतदान गुप्त असते. दोन मतांची पद्धत नवीन होती. मते कुजविण्याचा प्रचारही झाला होता. परंतु हरणारे बाबासाहेब आणि जिंकणारे काजरोळकर या दोघांनाही आपापल्या सवर्ण जोडीदारापेक्षा हजारोंनी कमी मते पडावीत, ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. तरुणाने विचारले होते की, विजयी उमेदवारही अस्पृश्य असताना जात कारणीभूत कशी? आकड्यांकडे पाहता असे दिसते की, जातीची तूट विजयी उमेदवारालाही भरावी लागली. फरक इतकाच की त्याच्या पाठीशी ती तूट भरून काढणारा मोठा पक्ष होता. बाबासाहेबांच्या पाठीशी तो नव्हता.

याचे मूळ 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात आहे. त्या कराराने राखीव जागा दिल्या, पण त्यांवरील अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती ठेवली. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण, हे ज्या मतदारांचे बहुमत ठरविणार ते मतदार अस्पृश्य नव्हते. बाबासाहेबांची तक्रार हीच होती. अशा व्यवस्थेत कोणी मनात द्वेष बाळगण्याची गरज नाही. जो कमी प्रश्न विचारील तो उमेदवार अधिक मतदारांना बरा वाटतो, आणि तोच निवडून येतो. जन्मविरोध मग कोणाच्याही तोंडून बोलत नाही. तो पद्धतीतून काम करतो. हा तिसरा प्रकार होय. अंबट्ठ तोंडाने बोलला म्हणून त्यास उत्तर देता आले. जी व्यवस्था बोलतच नाही तिला उत्तर देणे अधिक कठीण असते.

भंडारा

1954 च्या मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. ती वैदर्भीयांच्या अधिक जवळची. प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब उभे राहिले. त्यांनी भाषणांतून सरकारच्या परराष्ट्रधोरणावर आणि कारभारावर टीका केली. मला जातीमुळे डावलले जाते म्हणून मते द्या, अशी याचना केली नाही. येथेही मतदारसंघ दोन सदस्यांचा होता आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. मुंबईचा अनुभव ताजा होता. दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते कुजवावे, म्हणजे आपला उमेदवार सुरक्षित राहील, असे कार्यकर्त्यांनी सुचविले. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने संविधान लिहिले त्याने मत वाया घालविण्यास सांगावे, हे त्यांना पटले नाही. दुसरे मत मेहतांना देण्यास त्यांनी सांगितले. निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले होते. बाबासाहेब मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले होते.

त्यांच्या अनुयायांनी मेहतांना मते दिली. मेहतांच्या सगळ्या मतदारांनी ती परतफेड केली असती तर निकाल वेगळा लागला असता, असे अनुमान काढता येते. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते निवडणुकीपूर्वीचे वर्तन. ज्यास दोन वर्षांपूर्वी कुजविलेल्या मतांचा फटका बसला होता, त्यानेच ते शस्त्र वापरण्यास नकार दिला. अंबट्ठाला हिणविणाऱ्यांना थांबविणाऱ्या भगवंतांशी या कृतीचे नाते आहे.

आपल्यासाठी

या चिकित्सेतून काय निष्पन्न होते? बाबासाहेबांना झालेला विरोध तीन पदरी होता. एक पदर मतविरोधाचा आणि पक्षस्वार्थाचा. दुसरा उघड जन्मविरोधाचा, म्हणजे करपात्रींच्या भाषणांसारखा. तिसरा अबोल, व्यवस्थेतून आणि उपकारबुद्धीतून काम करणारा. पहिल्या पदरास जातीयवाद म्हणणे असत्य आहे. तिसऱ्यास जातीयवाद न म्हणणेही तितकेच असत्य आहे. पहिल्याचा आरोप आपण सरसकट करीत राहिलो तर तिसऱ्याचा खरा आरोपही कोणी ऐकून घेत नाही. आपली तक्रार खरी आहे, म्हणूनच ती मोजून मांडली पाहिजे.

हे लिहिण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. नंतरच्या काळात त्याची किती शकले झाली, हे वाचकांस ठाऊक आहे. आपल्यातीलच कोणी एखाद्या पुढाऱ्यास संस्थेचा हिशेब विचारला, कोणाशी युती केली आणि का केली असे विचारले, तर उत्तर काय मिळते? विचारणारा मनुवाद्यांचा हस्तक आहे, असे मिळते. बाबासाहेबांनी ज्या वेदनेतून जातीयवाद हा शब्द उच्चारला, तो शब्द आता हिशेब टाळण्यासाठी वापरला जात आहे. सिंदीच्या विहारात त्या तरुणास पढवलेला म्हटले गेले, तेही याच सवयीचे छोटे रूप होते.

तसेच अंबट्ठाचा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. शाक्यांनी त्यास आसन दिले नव्हते. अनुसूचित जातींतील इतर समाज 1937 मध्ये आणि 1952 मध्ये मोठ्या प्रमाणावर बाबासाहेबांच्या पक्षाकडे का आले नाहीत? काँग्रेसने फोडले, हे उत्तर अर्धे आहे. बाळू पालवणकरांचा उल्लेख आपल्या व्यासपीठावर केवळ विरोधक म्हणून झाला, बहिष्कृत भारताचा एक गुणी पुत्र म्हणून फारसा झाला नाही. आपल्या सभागृहात आपण त्यांच्या समाजास आसन दिले होते काय, हे उत्तराचे उरलेले अर्धे आहे.

त्या तरुणास आज आमचे उत्तर असे आहे : तुझा प्रश्न योग्य होता. विजयी उमेदवार अस्पृश्य होता म्हणून जात कारणीभूत नव्हती, असे ठरत नाही. जातीने त्याच्याकडूनही किंमत वसूल केली. परंतु बाबासाहेबांचा प्रत्येक विरोधक जातीयवादी होता, असेही ठरत नाही. कोण कोठे उभा होता हे एकेका प्रसंगी तपासून सांगावे लागेल. ते काम तुझ्यासारख्यांनी करावे. पुढील वर्षावासात आम्ही सिंदीस येऊ, तेव्हा ब्रह्मजालसुत्तावर बोलू, आणि प्रश्नांसाठी वेळ अधिक ठेवू.